ओपन-वर्ल्ड फँटसी गेममध्ये माउंट घ्यावा का? कधी स्वार व्हावं आणि कधी पायउतार

माउंट म्हणजे गेममध्ये स्वारीसाठी मिळणारं जनावर. माउंट म्हणजे वेग, एवढंच डोक्यात ठेवून बरेच जण गेममधला पहिला घोडा घेतात आणि थोड्याच वेळात वैतागतात. घोडा झाडांत अडकतो, कड्यापाशी हटून बसतो, शिट्टी मारली की भलतीकडूनच उगवतो, आणि वाटेतली प्रत्येक औषधी वनस्पती तोडायला खाली उतरावं लागतं ते वेगळंच. मग ‘काही उपयोग नाही याचा’ असा निकाल लागतो. दुसऱ्या टोकाचे खेळाडू एकदा खोगिरावर बसले की थेट क्वेस्टच्या (गेमने दिलेल्या कामगिरीच्या) खुणेपाशीच उतरतात. मॅपवरची सगळी गावं त्यांनी गाठलेली असतात, पण दोन गावांच्या मधे काय आहे ते त्यांना विचारू नये.

माझं मत आधीच सांगतो: माउंट बहुतेक गेममध्ये घेण्यासारखा असतो, पण वेगासाठी त्याच्यावर पैसे उधळू नयेत. नुसतं पोहोचायचंच असेल तर फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे मॅपवरच्या ओळखीच्या ठिकाणी एकदम जाऊन पोहोचणं, त्याच्या कितीतरी पुढे आहे. त्या विशिष्ट गेममध्ये माउंट वेगाशिवाय काय देतो ते बघा, आणि त्याच्यावरून उतरायचं कधी ते ठरवून ठेवा. ही दोन कामं केली की बाकीचं आपोआप जमतं.

पहिला टप्पा: दोन खुणांमधला हिशेब

समजा, तुमचं पात्र धावताना सेकंदाला ६ मीटर जातं आणि घोडा १० मीटर. घोड्याला बोलावणं, तो येणं, वर चढणं आणि शेवटी उतरणं यात मिळून ६ सेकंद जातात. आता १०० मीटरचं अंतर घ्या. पायी साधारण १७ सेकंद. घोड्यावर १० अधिक ६, म्हणजे १६. एवढ्या खटाटोपातून एक सेकंद वाचला. ९० मीटरवर दोघे बरोबरीत येतात. तुम्ही ६०-७० मीटरवर थांबत असाल, कधी झाड, कधी पेटी, कधी एखादं प्रेत तपासायला, तर घोडा तुम्हाला चक्क उशीर करतोय. अंतर ५०० मीटर झालं की चित्र पालटतं: पायी ८३ सेकंद, घोड्यावर ५६.

हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक गेममध्ये ते वेगळे निघतील. स्वतःच्या गेमचे काढायला पाच मिनिटं पुरतात. एक पूल आणि एक देवडी, अशा दोन ठळक खुणा निवडा आणि फोनवर स्टॉपवॉच लावून एकदा पायी, एकदा स्वारीने जा. पायी जाताना स्टॅमिना संपून पात्र धापा टाकत थांबतं, तो वेळही धरा, कारण लांब पल्ल्यात घोड्याचा खरा फायदा तिथेच होतो.

मोजून बघायचा आणखी एक फायदा असा की पडद्यावर वाटणारा वेग आणि प्रत्यक्षातला वेग एकच असतील असं नाही. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये घोडा चौखूर उधळला की कडेने वेगाच्या रेषा उमटायच्या आणि वाटायचं, काय सुसाट निघालो! तो गेम बनवणाऱ्यांपैकीच एकाने पुढे उघड केलं की त्या दौडीने घोडा खरोखर जोरात पळत नव्हता, फक्त तसा भास करून दिला होता. शिवाय तिथे स्वार झालात की सोबतचे साथीदार गायब होतात आणि वाटेतल्या त्यांच्या गप्पाही बंद पडतात. त्या गेममधली निम्मी मजा त्या गप्पांमध्ये आहे, त्यामुळे तिथे मी निःसंकोच पायीच फिरा म्हणेन.

दुसरा टप्पा: वेगाशिवाय तो काय देतो?

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा, कारण माउंट घ्यायचा की नाही ते इथेच ठरतं.

ओझ्यापासून सुरुवात करू. ‘द विचर ३’मध्ये गेराल्ट या नायकाची ओझं वाहण्याची मूळ क्षमता ६० ची आहे. रोच या त्याच्या घोडीला चढवायच्या पिशव्यांपैकी सर्वांत मोठी पिशवी त्यात एकदम १०० ची भर घालते. म्हणून त्या गेममध्ये घोडीवर पहिला पैसा पिशवीसाठीच खर्च करावा. खोगीर नंतर, झापडं त्याहून नंतर. मारलेल्या राक्षसाचं मुंडकं खोगिराला टांगलं की अनुभवाचे गुण किंवा सोनं थोडं जास्त मिळतं. अनेक खेळाडू शेवटपर्यंत तिथे सुरुवातीचंच मुंडकं लटकवून फिरतात, तेव्हा अधूनमधून ते बदलत जा.

‘स्कायरिम’मधल्या घोड्याला पिशव्या नाहीत. तरी ओझ्याच्या बाबतीत तो लाखमोलाचा आहे. तुमच्या अंगावर क्षमतेपेक्षा जास्त वजन झालं की पात्र रखडत चालतं आणि फास्ट ट्रॅव्हल बंद होतं. घोड्यावर बसलात की दोन्ही अडचणी सुटतात: तो तुम्हाला नेहमीच्या वेगाने नेतो आणि फास्ट ट्रॅव्हलही करू देतो. गुहेतून सगळी लूट उपसायची, कशीबशी तोंडापर्यंत आणायची, बाहेर उभ्या केलेल्या घोड्यावर चढायचं आणि थेट बाजार गाठायचा. घोड्याचा तिथला उत्तम उपयोग हाच. दुसरा उपयोग म्हणजे डोंगर. जिथे पायी घसरायला होतं अशा उभ्या चढणीवरही तिथला घोडा टाकोटाक वर जातो.

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये तर हा मामला बचतीसारखा चालतो. वेग, स्टॅमिना आणि वाहण्याची क्षमता अशा तीन बाबी तबेल्यात शिकता येतात. एका धड्याचे २५० सोन्याचे आणि दोन धड्यांमध्ये २० तासांचं अंतर. क्षमतेच्या प्रत्येक धड्याने इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानात) एक जागा वाढते, जास्तीत जास्त ६०. घाई करून काही उपयोग नाही, म्हणूनच पहिल्या दिवसापासून धडा चुकवू नये. त्या दिवशी दुसरं काही खेळायचं नसलं तरी तेवढं करून बाहेर पडावं. आधी काय शिकायचं? वस्तू गोळा करायची आवड असेल तर क्षमता, नाहीतर वेग.

मग येते हालचाल. ‘गिल्ड वॉर्स २’ हा गेम २०१२ मध्ये माउंटशिवाय आला आणि २०१७ च्या ‘पाथ ऑफ फायर’ या विस्तारात माउंट आले ते प्रत्येकी वेगळं कसब घेऊन. रॅप्टर लांब उडी मारतो, स्प्रिंगर उंच उडी मारतो, स्किमर पाण्यावरून तरंगत जातो. दरी, कडा आणि तळं ही तिथे तीन वेगळी कोडी होतात आणि कोणत्या जनावरावर बसायचं याचा विचार करावा लागतो. माउंट असावा तर असा, असं मला वाटतं. ‘एल्डन रिंग’मधला टॉरंट हा घोडाही याच जातीचा. तो हवेत दुसरी उडी मारतो, आणि वाऱ्याच्या भोवऱ्यांवर उभा करून उडवला तर कड्याच्या माथ्यावर पोहोचवतो. खाली मात्र कुठूनही झेपावू नका. जीवघेण्या उंचीवरून पडलात तर टॉरंटसकट संपता.

शेवटी, बसल्याबसल्या काय काय करता येतं ते तपासा. ‘एल्डन रिंग’मध्ये पळता पळता फुलं-पानं वेचता येतात, ‘स्कायरिम’मध्ये त्यासाठी उतरावं लागतं. २०२५ च्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’मधल्या सेक्रेट या जनावरावर बसून हत्याराला धार लावता येते, औषध घेता येतं आणि त्याच्या पाठीवर दुसरं हत्यारही बाळगता येतं. असा माउंट मिळाला की पहिल्या टप्प्यातला सगळा हिशेब त्याच्या बाजूने झुकतो, कारण उतरण्याची वेळच कमी येते.

तिसरा टप्पा: घ्यायचा कधी आणि कितीला

सुरुवातीला हातात पैसे कमी असतात, तेव्हा घोडा ही चैन ठरू शकते. ‘स्कायरिम’मध्ये तबेल्यातला घोडा १००० सोन्याचा. पहिल्या काही तासांत तेवढ्या पैशात कौशल्यांचे धडे किंवा चांगलं चिलखत येतं. मोठ्या शहरात जायचं असेल तर घोडागाडी त्याच्या एका छोट्या अंशात पोहोचवते. आणि थोडा धीर धरलात तर घोडा फुकट मिळण्याचीही सोय आहे. ‘डार्क ब्रदरहूड’ या मारेकऱ्यांच्या टोळीच्या कथेत पुढे शॅडोमीअर ही घोडी मिळते. तिची तब्येत भराभर भरून येते आणि मेली तरी काही दिवसांनी ती परत येते. ‘डॉनगार्ड’ हे विस्तार-पॅक असेल तर सोल केर्न या प्रदेशात आर्व्हाक या घोड्याला बोलावण्याचा मंत्र मिळतो. तो तर मंत्रानेच येणारा, म्हणजे हरवण्याचा किंवा मरण्याचा प्रश्नच नाही.

तेव्हा विकत घेण्याआधी, कथेतून माउंट मिळतो का एवढं बघून घ्या. ‘एल्डन रिंग’मध्ये उघड्या मैदानातल्या काही ग्रेसपाशी (विश्रांतीच्या ठिकाणांपाशी) विसावलात की मेलिना भेटते आणि टॉरंटची शिट्टी देऊन जाते. ती घेतल्याशिवाय पुढे रेटू नका. सुरुवातीलाच वाटेत उभा असलेला सोनेरी चिलखतातला घोडेस्वार ट्री सेंटिनल पायी लढायला फार जड जातो. टॉरंट मिळाल्यावर परत या.

रानातला घोडा माणसाळवायचा असेल, जसं ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये, तर क्रम असा ठेवा. कळपाच्या मागून दबकत जा. ठिपकेदार घोडे स्वभावाने मऊ असतात, एकरंगी जास्त हट्टी पण बहुधा जास्त दमाचे. पाठीवर उडी मारलीत की तो उधळेल, तेव्हा थोपटायचं बटण दाबत राहा. हे सगळं स्टॅमिनावर चालतं, म्हणून हट्टी घोड्याच्या मागे लागण्याआधी स्टॅमिना वाढवणारं काहीतरी शिजवून जवळ ठेवा. शांत झाला की लगेच तबेला गाठून २० रुपी (त्या गेममधलं चलन) देऊन नोंद करा. नोंद न केलेला घोडा तुमचा नव्हे. नंतर काही काळ तो सांगितलेल्या दिशेने वळला की दर वेळी थोपटा आणि सफरचंद-गाजर खाऊ घाला. नातं पक्कं झालं की तो भरकटायचा थांबतो. एका तबेल्यात सोडलेला घोडा दुसऱ्या तबेल्यातून घेता येतो, ही सोय कायम लक्षात ठेवा.

तरीही त्या गेममध्ये घोड्याचा उपयोग मर्यादित आहे, असं मी म्हणेन. कुठल्याही कड्यावर चढायचं आणि पॅराग्लायडरने उतरायचं, असा तो खेळ, आणि या दोन्ही गोष्टींत घोडा मागे पडतो. शिट्टी मारली तरी तो फार लांबून ऐकत नाही. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये तर दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून खेळाडूंनी उडती गाडी केली आणि बिचारे घोडे तबेल्यात राहिले.

चौथा टप्पा: नवा प्रदेश आधी पायी, मग स्वारीने

ओपन-वर्ल्ड गेमचा नकाशा असा आखलेला असतो की चालणाऱ्या माणसाला काही अंतराने नजरेत भरेल असं काहीतरी दिसावं. धूर, पडका बुरूज, झाडांमधून डोकावणारा उजेड. दौडत जाताना या गोष्टी पडद्यावरून निसटतात, आणि दिसल्या तरी लगाम खेचेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. म्हणून माझी पद्धत अशी आहे. नव्या प्रदेशाच्या वेशीपर्यंत स्वारीने जायचं. तिथे एक उंच जागा शोधून चहूकडे नजर टाकायची आणि मॅपवर तीन-चार खुणा करायच्या. मग उतरून जवळच्या खुणेकडे रस्ता सोडून चालायचं. एका खुणेपासून दुसरी दिसते, दुसरीपासून तिसरी. तो तुकडा फिरून झाला, जवळचं फास्ट ट्रॅव्हलचं ठिकाण उघडलं, की माउंटला बोलवायचं. परतीच्या वाटेवर, निरोप पोहोचवायच्या क्वेस्टमध्ये आणि आधी पाहिलेल्या रस्त्यावर पायी चालण्यात काही मतलब नाही. तिथे खुशाल दौडा.

याला अपवाद आहेत. ‘एल्डन रिंग’चा प्रदेश घोड्याच्या चालीच्या मापाने आखलाय. तिथे अंतरं मोठी आहेत, वेचणं बसूनच होतं आणि अंगावर आलेल्या टोळीपासून पळायला घोडाच लागतो. तिथे पहिल्यापासून स्वार राहा, आणि फक्त पडके वाडे आणि तळघरं पायी बघा. तसंही स्टॉर्मव्हेलसारख्या किल्ल्यात किंवा गुहेत टॉरंट येतच नाही.

‘द विचर ३’मध्ये रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर असा फरक करा. रस्त्यावर दौडीचं बटण धरून ठेवलं की रोच वळणं स्वतःच घेते आणि तिचा दमही खर्च होत नाही. त्या वेळात आजूबाजूला बघा. रस्ता सोडलात की दम झपाट्याने संपतो आणि कुंपणांपाशी अडखळायला होतं. जंगलात आणि दलदलीत उतरलेलंच बरं.

पाचवा टप्पा: लढाईत खोगीर सोडायचं की नाही

गेमगणिक उत्तर वेगळं आहे. ‘ऑब्लिव्हियन’च्या २००६ च्या मूळ आवृत्तीत घोड्यावरून लढताच येत नव्हतं. ‘स्कायरिम’मध्येही ही सोय २०१२ च्या एका पॅचने (गेममधल्या नंतरच्या सुधारणेने) आली. त्यात तलवार आणि धनुष्य चालतं, पण नेम धरणं अवघड जातं. तिथे उतरून लढा, आणि उतरायचं तेही घोड्यापासून लांब, कारण तिथला घोडा स्वतःच शत्रूवर धावून जातो आणि मरतो.

‘द विचर ३’मध्ये वाराचं बटण धरून ठेवलं की क्षणभर सगळं संथ होतं आणि नेम साधता येतो. एकट्यादुकट्या दरोडेखोराला दौडत जाताना कापायला हे छान. लांडग्यांच्या घोळक्यात किंवा एखाद्या मोठ्या राक्षसासमोर रोच बिथरते. तिच्या भीतीचा पट्टा भरला की ती तुम्हाला सरळ खाली आपटते. अक्सी या जादूच्या चिन्हाने तिला शांत करता येतं, पण तेवढ्या वेळात दोन तडाखे बसलेले असतात.

स्वारीतल्या लढाईचं खरं शिक्षण टॉरंट देतो. शत्रू मोठा आणि मैदान मोकळं असेल तर त्याच्याभोवती फिरत राहायचं, त्याचा मोठा वार हुकला की जवळून जाताना एक घाव घालायचा आणि थांबायचं नाही. दुसऱ्या घावाचा मोह झाला की मार बसतो. ड्रॅगनच्या पायाशी ही रीत फार उपयोगी पडते. टॉरंट मेला तर पुन्हा बोलावताना आरोग्याच्या कुपीतला एक घोट जातो, म्हणून त्याची तब्येत घसरली की उतरा किंवा रोवाचे मनुके चारा. दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावलंत तर टॉरंट मिळत नाही, हे आधीच लक्षात घेऊन मग बोलवा. एल्डन बीस्ट या शेवटच्या बॉसपुढे, म्हणजे मोठ्या शत्रूपुढे, पूर्वी पायीच धावावं लागायचं. २०२४ च्या एका पॅचने तिथेही टॉरंटला परवानगी दिली. तो बॉस सतत लांब पळतो हे ज्यांनी भोगलंय, त्यांना या बदलाची किंमत कळेल.

सहावा टप्पा: उडायला मिळालं तर

उडणारा माउंट सोय म्हणून अप्रतिम आणि प्रदेशाच्या दृष्टीने घातक. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ साली पहिला माउंट चाळीसाव्या लेव्हलला मिळायचा, वेग ६० टक्के जास्त. २००७ मध्ये उडणं आलं. जलद उडण्याच्या शिक्षणालाच ५००० गोल्ड लागत, पण वेग २८० टक्क्यांनी वाढायचा. लोकांनी ते जिद्दीने जमवलं आणि मग रस्ते, पूल, घाटातले पहारेकरी या सगळ्याला अर्थ उरला नाही. हवं त्या छपरावर उतरायचं, काम करायचं, परत वर. २०१४ च्या विस्तारात बनवणाऱ्यांनी सुरुवातीला उडणंच बंद ठेवलं तेव्हा खेळाडू चिडले. शेवटी तोडगा असा निघाला की आधी प्रदेश जमिनीवरून फिरा, मग उडा. ‘फायनल फँटसी १४’च्या विस्तारांतल्या प्रदेशांतही तिथले एथर करंट (जागोजागी विखुरलेले हवेचे झोत) गोळा केल्यावरच उडता येतं.

तुमच्या गेममध्ये असं बंधन नसेल तर ते स्वतःवर घालून घ्या: त्या प्रदेशातली मुख्य कथा संपेपर्यंत जमीन सोडायची नाही.

सातवा टप्पा: पैसे देऊन मिळणारे माउंट

खिशातल्या खऱ्या पैशांचा प्रश्न आला की जरा थांबा. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं गेलं आणि त्यावरून एवढी खिल्ली उडाली की आजही ‘हॉर्स आर्मर’ म्हटलं की गेमर हसतात. २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २५ डॉलरचा तारांकित घोडा विकला आणि तो घ्यायला ऑनलाइन रांगा लागल्या. हसणारे आणि रांगेतले बहुधा तेच लोक असावेत, असा मला दाट संशय आहे!

दुकानात माउंट दिसला की वर्णनात तीन गोष्टी शोधा: त्याचा वेग फुकटच्या माउंटपेक्षा वेगळा आहे का, त्याला वेगळं कसब आहे का, आणि तो सगळ्या पात्रांना वापरता येतो की एकालाच. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही फक्त रूप विकत घेताय. ‘गिल्ड वॉर्स २’मधली माउंटची रूपं तशीच आहेत; कसब मूळ जनावराचं, ते विस्तार-पॅकमध्ये खेळूनच मिळवावं लागतं. रूप आवडलं म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त गेममध्ये निदान एक महिना रमल्यावर घ्या. तोवर फुकटच्या घोड्याला शिट्टी मारली की तो कुठून आणि किती वेळात येतो, हे तुम्हाला नीट कळलेलं असेल.